शाळेच्या ओसरीवरून : वस्तू माग, किल्ली मागू नको

आमच्या लहानपणी कटंगीच्या घरी माजघरात एक शिसवी फडताळ होते. त्यात राजाचा खजिना होता अशातला भाग नाही. आजोबांच्या वेळची मालगुजारीची काही कागदपत्रे, आजीचे चार दागिने, दिवाळीपुरते चांदीचे ताट आणि आम्हा पोरांच्या हाती लागू नये म्हणून ठेवलेली गुळाची ढेप, एवढाच तो ऐवज. ह्या फडताळाची किल्ली अष्टौप्रहर आजीच्या कमरेला असे. कोणाला गूळ हवा असला तर आजीकडे मागावा लागे, आणि आजी तो स्वतः काढून देई. आजोबांना एखादा कागद पाहावयाचा असला तरी तेही आजीलाच हाक मारीत. एकदा आमचे काका घाईत होते. ते म्हणाले, “आई, किल्ली इकडे दे, मीच घेतो.” आजी शांतपणे म्हणाली, “वस्तू माग, किल्ली मागू नको.” काकांना तेव्हा राग आला होता. आम्हांला मात्र त्या वाक्यातील शहाणपण समजावयास पन्नाशी उलटावी लागली, आणि तेही फार महागात पडून समजले.

मागील अंकानंतर एका वाचकबंधूंनी आम्हांस लिहिले आहे की, मराठीच्या मास्तरांनी भाषेविषयी लिहावे, संगणकाच्या भानगडीत पडू नये. सल्ला प्रेमाचा आहे आणि एरवी आम्ही तो मानलाही असता. परंतु सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला आता ही निवड राहिलेली नाही. आमच्या मध्यप्रदेशात प्रत्येक कुटुंबाचा ८ अंकी आणि प्रत्येक व्यक्तीचा ९ अंकी समग्र क्रमांक असतो. मुलाचा आधार क्रमांक, बँकेचे खाते, जन्मतारीख, जात, वडिलांचा भ्रमणध्वनी हे सारे कोठे ना कोठे संगणकात भरलेले असते. शिष्यवृत्ती, गणवेश, सायकल, परीक्षेचा अर्ज ह्यांपैकी काहीही ह्या नोंदींवाचून हलत नाही. त्यातून आपण सीमेवरची माणसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा तुमसर-भंडारा पलीकडे गेले आणि आम्ही कटंगीकर अलीकडे राहिलो. घरात मराठी आणि दप्तरात हिंदी असा आमचा संसार. आडनावाचा एखादा काना-मात्रा इकडचा तिकडे झाला तरी पोराची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने अडकते, हा अनुभव बालाघाट जिल्ह्यातील कोणत्या पालकाला नाही? ज्या कागदावर आमच्या मुलांचे भवितव्य लिहिलेले आहे, त्या कागदाची राखण कशी करावी हा प्रश्न मास्तरांचाच आहे.

आता आमची चूक सांगतो. शाळेचे आणि माणसांचे नाव सांगत नाही, कारण त्यांत एका मुलीची आणि एका तरुणाची लाज गुंतलेली आहे. आमची लाज मात्र झाकण्याचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत होतो, तेथे मुलांच्या सर्व नोंदी एका फाईलमध्ये होत्या. जुने दाखिल-खारिज रजिस्टर कपाटात होतेच, पण त्याची पाने जीर्ण झालेली, शाई पुसट झालेली. म्हणून एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या हौसेने आम्ही ते सर्व संगणकात उतरवून घेतले होते. दाखला पाहिजे असला की फाईलमधून छापावयाचा, आम्ही सही करावयाची, शिक्का मारावयाचा, काम झाले. फाईलला पासवर्डही होता. शाळेचे नाव आणि पुढे १२३, असा तो भारदस्त पासवर्ड. कोणी विसरू नये म्हणून तो एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेला होता. आम्ही, दोन बाबू आणि संगणकात तरबेज असलेले एक तरुण अतिथी शिक्षक असे चौघे ती फाईल उघडत असू. काम साचले की तीच फाईल पेनड्राइव्हवर घालून बाजारातील एका दुकानदाराकडेही जाई.

अक्षय्य तृतीयेला पंधरा-वीस दिवस राहिले होते. एके दुपारी दहावीतील एक मुलगी आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत ये म्हटले तरी येईना. शेवटी तिने ओढणीत लपवलेला कागद पुढे केला आणि खाली पाहून विचारले, “सर, मी दोन वर्षांनी मोठी केव्हा झाले?”

तो आमच्याच शाळेचा दाखला होता. खाली सही आमची होती. जन्माच्या साली शेवटच्या आकड्याच्या जागी ८ चा ६ झालेला होता. मुलगी खरोखर सोळाची, कागदावर अठराची. आम्ही कपाटातून जुने रजिस्टर काढले. तेथे ८ स्पष्ट होता, आणि प्रवेशाच्या तारखेवरूनही ती सहाव्या वर्षी पहिलीत आलेली दिसत होती. कागदावरचे साल खरे मानले तर ती आठव्या वर्षी पहिलीत आली असे म्हणावे लागले असते. मुलीचे लग्न ठरले होते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मुलीचे वय अठरा पूर्ण पाहिजे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरविताना शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला पहिल्या पुराव्यांत स्थान आहे. म्हणजे त्या एका आकड्याने, आणि तो न पाहता केलेल्या आमच्या सहीने, कायद्याचे दार त्या मुलीच्या तोंडावर लावून घेतले होते.

आम्ही रजिस्टर काखेत मारून तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांसमोर ते पान उघडले. ते बराच वेळ बोलले नाहीत. आत चुलीपाशी बसलेली तिची आजी तेवढी म्हणाली, “पोर शिकते म्हणते तर शिकू द्या की.” लग्न लांबले. मुलगी बारावी झाली. हा भाग गोड झाला आणि तो आम्ही मनातल्या मनात पुष्कळदा आठवतो.

दुसरा भाग कडू आहे. आकडा बदलला कोणी? फाईलला विचारले तर ती एकच उत्तर देत होती : “ज्याच्याजवळ पासवर्ड आहे त्याने.” पासवर्ड पाच जणांजवळ होता आणि पाचही जण फाईलच्या दृष्टीने एकच माणूस होते. बाबूंनी कानावर हात ठेवले. दुकानदार म्हणाला, आम्ही छापतो तेवढे. मग सगळ्यांची नजर हळूहळू अतिथी शिक्षकांकडे वळली. संगणक त्यांना सर्वांत जास्त येत होता, वयाने ते सर्वांत लहान होते, आणि अतिथी म्हटला की त्याची नोकरी सत्रापुरती. त्यांच्याविरुद्ध तसूभर पुरावा नव्हता. पण त्यांच्या बाजूनेही नव्हता. आम्ही त्यांना दोषी म्हटले नाही आणि निर्दोष म्हणावयास आमच्या हाती काही नव्हते. पुढच्या सत्रात ते आले नाहीत.

तेव्हापासून आम्ही ह्या विषयाची पुस्तके, माहितीपत्रके आणि जाणत्या माणसांची डोकी खाऊ लागलो. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

पासवर्ड ही संगणकातील कल्पना आता साठी ओलांडून गेली आहे. अमेरिकेत एमआयटी ह्या संस्थेत १९६०च्या दशकाच्या आरंभी एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था फर्नांडो कॉर्बाटो ह्यांच्या मार्गदर्शनाखाली उभी राहिली. प्रत्येकाच्या फाईली प्रत्येकाला खाजगी राहाव्यात म्हणून तेथे पासवर्ड आला. आणि गंमत पाहा, कुलूप आले तशी युक्तीही आली. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला मिळणारा संगणकाचा वेळ पुरेना. त्याने सर्वांच्या पासवर्डांची फाईलच छापून मागितली, आणि ती त्याला छापून मिळाली! पुढे १९६६ साली तर दोन तात्पुरत्या फाईलींची अदलाबदल झाली आणि संगणक सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात, रोजच्या सूचनेच्या जागी, सगळ्यांच्या पासवर्डांची यादी उमटली. ह्या दोन्ही वेळी कुलूप फुटले नव्हते. सगळ्या किल्ल्या एका खुंटीला टांगून ठेवलेल्या होत्या एवढेच.

म्हणून शहाण्या संगणकात पासवर्ड जसाच्या तसा कधी लिहून ठेवीत नाहीत. त्याच्यावर एक गणिती प्रक्रिया करून जी छाप उमटते ती ठेवतात. जात्यातून पीठ निघते, पण पिठापासून पुन्हा गहू करता येत नाहीत, तसा हा प्रकार. तुम्ही पासवर्ड दिलात की संगणक त्याचे पुन्हा पीठ करतो आणि जुन्या पिठाशी ताडून पाहतो. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन ह्यांनी ह्या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. प्रत्येक पासवर्डमध्ये आधी थोडे वेगवेगळे ‘मीठ’ मिसळावे, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी छाप निराळी उमटते, ही युक्ती त्यात सांगितली आहे. त्याच निबंधात त्यांनी लोकांनी निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा २,८३१ इतके दोन-चार अक्षरी, नुसत्या लहान अक्षरांचे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. शेकडा ८६! आमचा १२३ वाचून हसणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पासवर्ड केवढा असावा? थोडे अंकगणित करू. चार आकडी पासवर्डाचे पर्याय अवघे १०,०००. इंग्रजीच्या लहान २६ अक्षरांपैकी कोणतीही आठ घेतली तर पर्याय होतात सुमारे २०,८८३ कोटी. ऐकावयास आकडा मोठा वाटतो. पण फाईल एकदा चोराच्या हाती पडली आणि त्याच्या यंत्राने सेकंदाला १०० कोटी पर्याय तपासले, तर साडेतीन मिनिटांत खेळ आटोपतो. तीच अक्षरे सोळा केली तर त्याच यंत्राला सुमारे १३ लाख ८० हजार वर्षे लागतील. अट एकच, अक्षरे कोणाला तर्काने सुचणारी नसावीत. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द ओळीने लिहावेत. मोहफूल, पाटा, घंटा आणि खाण ह्यांचा परस्परांशी काय संबंध? काही नाही, आणि तेच हवे. (वाचकहो, हे चार आता छापले गेले, तेव्हा कृपा करून हेच वापरू नका.) दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्तीही आता शहाणपणाची मानली जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत ती काढून टाकण्याचा सल्ला दिला. सक्ती केली की माणूस १२३ चे १२४ करतो, हे त्यांच्याही ध्यानात आले. पासवर्ड फुटल्याचा संशय आला की मात्र त्याच दिवशी बदलावा.

पासवर्डाने दार कोण उघडतो हे ठरते. आत आल्यावर त्याने काय करावे हे ठरविण्यासाठी परवानग्या असतात. आमची खरी चूक येथे होती.

ह्या बाबतीत आपल्याला फार दूर जावयास नको. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या किल्ल्यांची व्यवस्था वाचावी. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी, योग्यतेने बरोबरीचे, आणि कोठीची व सामानाची जबाबदारी घेणारा कारखानीस निराळा. दरवाजे आणि त्यांच्या किल्ल्या ही हवालदाराची बाब, हजेरी आणि हिशेब ही सबनिसाची. कोणाही एकट्याच्या हाती संपूर्ण गड नाही. त्यामुळे एखादा फितूर झाला तरी गड जात नसे. आणखी एक गोष्ट, एखाद्यावर आळ आला तर कोणते काम कोणाचे हे आधीच ठरलेले असल्यामुळे निरपराध मनुष्य सुटत असे. जुन्या राजपत्रांत मजकुराच्या शेवटी उठविलेली मोर्तब पाहिली आहे ना? मजकूर येथे संपला, ह्याच्या खाली कोणी ओळ वाढवू नये, हा तिचा अर्थ. आपल्या पूर्वजांना कागद राखणे माहीत होते. फक्त त्यांचा कागद कागदाचा होता.

संगणकातील माहितीचे कोठार म्हणजे डेटाबेस. एडगर कॉड ह्यांनी १९७० साली माहिती ओळी-स्तंभांच्या तक्त्यांत मांडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत सांगितली, आणि त्याच दशकात आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत त्या पद्धतीवर भाषा आणि परवानग्यांची व्यवस्था उभी राहिली. परवानग्या मुख्यतः चार : पाहणे, नवी नोंद भरणे, असलेली नोंद बदलणे आणि नोंद पुसणे. प्रत्येक माणसाचे कोठारात स्वतंत्र नाव, स्वतंत्र पासवर्ड आणि ह्या चारांपैकी त्याच्या कामापुरत्याच परवानग्या. देण्याच्या आज्ञेला ‘ग्रँट’ म्हणतात आणि काढून घेण्याच्या आज्ञेला ‘रिव्होक’. हजेरी घेणाऱ्या शिक्षकाने हजेरी भरावी, जन्मतारीख पाहावी, पण बदलू नये. दाखला छापणाऱ्याला पाहण्याची परवानगी पुरे. बदलण्याची परवानगी एकाला, आणि बदल मंजूर करण्याची दुसऱ्याला. १९७५ साली जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर ह्या दोघांनी हे तत्त्व मांडून ठेवले आहे : प्रत्येकाला त्याचे काम होण्यापुरता किमान अधिकार असावा, त्याहून रतिभर अधिक नसावा. आमच्या आजीने कटंगीच्या माजघरात जे सांगितले ते ह्याहून निराळे नव्हते. तिची शाळा फक्त तिसरीपर्यंत झाली होती.

ह्याला जोडून एक रोजनामा हवा. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या आकड्याच्या जागी कोणता आकडा घातला ह्याची नोंद कोठार आपोआप ठेवू शकते. ही नोंद ज्याच्यावर पाळत ठेवावयाची त्याच्याच हाती पुसण्यासारखी ठेवू नये, एवढे पथ्य पाळावे.

आता लहान शाळा, पतसंस्था, समाजमंडळे ह्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टी. आपल्याकडे बहुतेकांचा डेटाबेस म्हणजे एक्सेलचा तक्ता. त्यात दोन प्रकारची कुलपे असतात आणि लोक ती एकच समजतात. ‘शीट’ला लावलेला पासवर्ड हा चुकून एखादा रकाना बिघडू नये म्हणून असतो. ते कुलूप नव्हे, ती आडवी लावलेली दोरी आहे, आणि जाणकार तिच्याखालून सहज निघून जातो. फाईल उघडण्यासाठीच जो पासवर्ड लावतात त्याने मात्र आतील मजकूर सांकेतिक होतो, आणि २००७ नंतरच्या आवृत्त्यांत ते कुलूप भक्कम आहे. मायक्रोसॉफ्टच्याच ‘ॲक्सेस’ ह्या डेटाबेसमध्ये पूर्वी माणसागणिक परवानग्या देण्याची सोय होती. २००७ साली जी नवी फाईल-पद्धत आली तीतून ती काढून टाकण्यात आली. आता तेथे संपूर्ण फाईलला एक पासवर्ड, एवढेच. म्हणजे ज्यांना माणसागणिक परवानग्या हव्यात त्यांनी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल अशा डेटाबेसची कास धरावी. ही दोन्ही विनामूल्य मिळतात, आणि आपल्या समाजातील संगणक शिकलेली मुले ती चार दिवसांत उभी करून देऊ शकतील.

पण एवढ्याने भागत नाही. परवानग्या कोठाराच्या दाराशी पहारा देतात. कोणी फाईलच उचलून पेनड्राइव्हवर नेली आणि आपल्या घरच्या संगणकात उघडली तर पहारेकरी मागेच राहतो. दाराला सातपदरी कुलूप आणि भिंत मात्र कुडाची, अशी ती स्थिती. म्हणून ज्या संगणकात फाईल आहे त्याला प्रत्येकाचे निराळे नाव व पासवर्ड असावा, फाईल ठेवलेल्या कप्प्यात इतरांस प्रवेश नसावा, आणि फाईल व तिच्या सर्व प्रती सांकेतिक केलेल्या असाव्यात. आमची फाईल बाजारातून फिरून येत होती, तेव्हा आम्ही भिंतच काढून दुकानात नेत होतो!

ह्याच्या उलट टोकाचीही एक आपत्ती आहे. भक्कम कुलपाचा पासवर्ड विसरला तर फाईल कायमची गेली असे समजावे. म्हणून मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, लाखेने बंद केलेल्या पाकिटात, तिजोरीत ठेवावा आणि पाकीट उघडले तर कधी व कोणी ह्याची नोंद करावी. लिहून ठेवणे वाईट नाही. पडद्याखाली चिकटवणे वाईट. आणि प्रत एका निराळ्या जागी असावीच. आमची अब्रू त्या जीर्ण रजिस्टराने राखली. ती आमची जुनी प्रत होती.

शेवटी सर्वांत भक्कम कुलूपही माणसाच्या तोंडाने उघडते. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँकेच्या खातेदारांचे गुप्त क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळते केले. क्रमांक मिळविण्यासाठी त्यांना कोणतेही यंत्र फोडावे लागले नव्हते. खातेदारांशी गोड बोलून ते मिळवले होते. पासवर्ड मागणारा साहेब असो, बँकेचा म्हणविणारा असो की सख्खा मेव्हणा असो, उत्तर एकच : वस्तू माग, किल्ली मागू नको. आणि कोणी फसविलेच तर लाजून घरी बसू नये, १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

हे सारे आम्ही आपल्या मासिकात का सांगितले, त्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या समाजात कुटुंबसूची आणि वधू-वर सूची करण्याची जुनी आणि चांगली परंपरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मध्यप्रदेशात, छत्तीसगडात विखुरलेली घरे तिच्यामुळे एकमेकांशी बांधलेली राहिली. पूर्वी ती पुस्तिका छापली जाई आणि शंभर घरांत जाई. आता तिची फाईल होते, आणि फाईल कोणाच्या हातून कोठे जाईल ह्याला धरबंध नाही. तीत मुलींची छायाचित्रे आहेत, जन्मतारखा आहेत, घरचे पत्ते आणि भ्रमणध्वनी आहेत. मागील मेळाव्यात एका सद्‌गृहस्थांनी ‘फाईल मला पाठवून द्या, मी पाहून घेतो’ असे म्हटले, आणि आमच्या शेजारी बसलेल्या एका भगिनी पुटपुटल्या, “आणि मग माझ्या मुलीला रात्री-अपरात्री फोन येतात ते कोणी पाहायचे?” त्या भगिनींचे म्हणणे मंडळाच्या चालकांनी मनावर घ्यावे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती ज्याची त्याच्या संमतीने, सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असा त्याचा आशय आहे. मंडळाने सूची एकाच दोघांच्या ताब्यात ठेवावी. मागणाऱ्याला त्याला हवे ते स्थळ काढून द्यावे, सबंध फाईल देऊ नये. लग्न ठरलेल्यांची माहिती काढून टाकावी. ह्यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही.

‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न आम्हांलाही शाळेत ऐकावा लागला. निराळे पासवर्ड दिले तेव्हा जुने बाबू रुसले. ते म्हणाले, “सर, पंचवीस वर्षे झाली, आता आमच्यावर पहारा?” आम्ही त्यांना सांगितले, “बाबूजी, हा पहारा तुमच्यावर नाही, तुमच्यासाठी आहे. उद्या काही झाले तर तुम्ही केले नाही हे मला छातीठोकपणे सांगता यावे म्हणून आहे.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग आपला पासवर्ड आमच्याकडे पाठ करून टाईप करू लागले. आम्हांला फार बरे वाटले.

गेल्या हिवाळ्यात तुमसरच्या बाजारात ते अतिथी शिक्षक आम्हांला अचानक भेटले. आता त्यांचे स्वतःचे छोटेसे दुकान आहे, अर्ज भरून देण्याचे. त्यांनी वाकून नमस्कार केला, चहा मागवला, मुलीची चौकशी केली. ती नर्सिंगच्या अभ्यासाला गेली हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. निघताना त्यांनी विचारले, “सर, आता शाळेत सगळ्यांचे पासवर्ड वेगळे आहेत का?”

आम्ही म्हटले, “हो. आणि कोणी काय बदलले त्याची नोंदही राहते.”

“बरे झाले,” ते म्हणाले. “तेव्हा असती तर...” आणि पुढे काही न बोलता त्यांनी आमच्या हातातील पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. ती फार वर्षांपूर्वी, शाळेत, सर्वांसमक्ष मागावयास हवी होती. आज ह्या पानावर मागत आहोत. आकडा कोणी बदलला हे आम्हांला आजही सांगता येत नाही. पण ज्या दाखल्यावर तो छापला गेला त्यावर सही आमची होती आणि पडद्याखालची ती चिठ्ठीही आमच्याच हस्ताक्षरातील होती. असो.